‘एकट्याच निघालात?’

माझे लग्न १९८८ साली झाले. तेव्हापासून २०२४ च्या दिवाळीपर्यंत नगरहून पाथरीला, म्हणजे माझ्या माहेरच्या वाटेला, मी एकदाही एकटी गेले नव्हते. सुरुवातीला सासरे पोहोचवायला यायचे, मग हे, आणि मुलगा मिळवता झाल्यावर त्याची गाडी. गाडीतून गेले की रस्ता म्हणजे काय, तर खिडकीची काच आणि मुलाने लावलेली गाणी. वाटेत चहाला थांबलो तर हॉटेलवाला ह्यांना विचारणार, “साहेब, काय आणू?” आणि हे माझ्याकडे न बघता सांगणार, “दोन चहा, एक बिनसाखरेचा.” इतक्या वर्षांत त्या रस्त्यावरचे एक माणूस मला ओळखीचे झाले नाही.

त्या दिवाळीत मात्र योग असा आला, की ह्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले. डॉक्टरांनी बजावले होते, प्रवासाचे धक्के नकोत. मुलगा पुण्याला, त्याला रजा नाही. जाणे तर भागच होते. एक तर भाऊबीज, आणि भाऊबिजेच्या जोडीला आणखी एक काम. ते पुढे सांगते.

“जाशील ना नीट?” ह्यांनी तीनदा विचारले. मी म्हटले, “न जायला काय झाले? बसायचे आहे, बस थोडीच चालवायची आहे!” बोलले खरी, पण आदल्या रात्री झोप लागली नाही. पहाटे उठून दुधात भिजवलेल्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली, पाण्याची बाटली घेतली. पैसे दोन ठिकाणी ठेवले, थोडे पर्समध्ये, बाकीचे आतल्या खिशात पिन लावून. (मैत्रिणींनो, सुटे पैसे मात्र वेगळे हाताशी ठेवा. तिकिटासाठी सगळ्या बसदेखत पर्स उघडून बसायचे, हे काही खरे नव्हे.)

नगरच्या स्थानकावर भाऊबिजेच्या सकाळी जी गर्दी असते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पण त्या दिवशी एक गोष्ट डोळ्यांत भरली, ती म्हणजे बायकांची संख्या. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले आणि त्याचा परिणाम रांगेतच दिसत होता. पूर्वी लेकीला माहेरी आणायचे तर मुराळी जायचा, दोघांचे भाडे पडायचे. आता पिशवी काखेत मारून बाई स्वतःच निघते. माझ्यापुढे उभी असलेली एक जण दुसरीला सांगत होती, “अर्ध्या तिकिटानं माहेर निम्म्यावर आलं बघ.”

कंडक्टरने विचारले, “किती?” मी सवयीने म्हणणार होते, “ह्यांना विचारा.” मग म्हटले, “एक. पाथरी.”

आता हा रस्ता. कल्याणहून निघून माळशेज घाट, नगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी, परभणी, नांदेड असे करत तेलंगणातल्या निर्मळला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग. आधी त्याचा क्रमांक २२२ होता, आता ६१ आहे. नगरच्या माणसाला तो करंजीच्या घाटापुरता ठाऊक असतो आणि पाथर्डीपुढे मोहट्याच्या देवीपुरता. पुढे खरवंडी मागे पडली की नगर जिल्हा संपून बीड जिल्हा लागतो, आणि माजलगाव सोडून गोदावरी ओलांडली की परभणी जिल्हा. माझी खूण एवढीच असे. गोदावरी दिसली की हात जोडायचे आणि केस नीट करायचे, कारण आता पाथरी आलीच.

पाथर्डीला एक पंचविशीची मुलगी चढली. काखेत तीन-चार वर्षांचा मुलगा, हातात दोन पिशव्या. माझ्याशेजारी बसली, आणि न विचारताच मुलगा माझ्या मांडीवर ठेवून पिशव्या वर लावायला उठली. ह्यांच्याबरोबर असते तर तिने असे केले नसते, हे मला तेव्हाच जाणवले. जोडीने बसलेल्या माणसांत आपण शिरत नाही. एकट्या बाईच्या मांडीवर जागा असते.

“एकट्याच निघाल्या का मावशी? मालक नाही आले?”

त्या दिवशी हा प्रश्न मला वेगवेगळ्या बोलींत पाच-सहा वेळा तरी विचारला गेला. पहिल्यांदा वाटले, काय ही चौकशी! उत्तर देताना आवाजही थोडा कोरडाच झाला माझा. पण आपण ‘हो, एकटीच’ म्हटले, की समोरचा माणूस थोडा सरकून बसतो आणि स्वतःचे सांगायला लागतो. त्यासाठीच विचारलेले असते ते.

ती ऊसतोडीची निघाली. ऊसतोडीच्या जगात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो, हे तिच्याकडून कळले. आपण जोडपे म्हणतो, मुकादम कोयता म्हणतो. उन्हाळ्यातच उचल घेतली होती, म्हणजे आगाऊ पैसे. ते आता फडात राबून फेडायचे. आठ-पंधरा दिवसांत टोळी निघणार, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येणार. तोवर मुलगा तिच्या आईकडे, गढीजवळच्या खेड्यात.

“राहील का तुमच्याशिवाय?” मी विचारले.

ती काही बोलली नाही. पिशवीतून कागदात गुंडाळलेले नवे बूट काढून दाखवले. मोठे होते, चांगले दोन बोटे मोठे. “आता घातले तर पडतेत पायातून,” ती म्हणाली, “पण मी येईन तवर बरोबर बसतील.” मग हसली आणि बूट पुन्हा नीट गुंडाळून ठेवले. मुलगा तोवर माझी बांगडी मुठीत धरून झोपला होता. गढीला उतरताना ती मूठ सोडवायला आम्हा दोघींना लागले.

तिच्या जागेवर गढीला एक म्हातारी आली. साठी-पासष्टीची असेल, म्हणजे माझ्याहून फार मोठी नव्हे, पण उन्हातान्हाने वाळलेली. डाळिंबी रंगाचे नऊवारी, हातात नारळ घातलेली कापडी पिशवी. बसल्या बसल्या विचारले, “कुठं चाललाव बाई? एकल्याच हाव व्हय?”

ते ‘चाललाव’ ऐकले आणि माझ्या पोटात काहीतरी हलले. नगरात राहून माझी बोली कधीच पुसली गेली होती. मी म्हटले, “एकलीच हाय. भावाकडं चाललेय पाथरीला.” ती म्हणाली, “मीबी भावाकडंच.” थोड्या वेळाने म्हणाली, “नऊ वरसांनी.”

मग तिने सांगितले. मुले लहान असताना नवरा गेला. सासरकडे काही उरले नव्हते, म्हणून तिने बापाच्या जमिनीतला आपला वाटा मागितला. मिळाला, दोन एकर, पण कोर्टाच्या पायऱ्या चढून. त्या दिवसापासून भावाने बोलणे टाकले. नऊ भाऊबिजा तिने घरात चंद्राला ओवाळून काढल्या. आता भाच्याने फोन केला होता, “आत्या, बापू बरे नाहीत, ये.” भावाने बोलावले नव्हते, भाच्याने बोलावले होते. दारात उभे केले तर जाईन आत, नाहीतर नारळ उंबऱ्यावर ठेवून परत फिरेन, असे ती म्हणाली.

“पस्तावा होतो का?” हे मी कसे विचारले देव जाणे. घरच्या माणसाला नसते विचारता आले.

“जमिनीचा न्हाई. दोन्ही पोरं त्याच्यावर शिकली. भावाचा व्हतो.”

आणि मग, ओळख ना पाळख अशा त्या बाईला, मी माझे ते दुसरे काम सांगून टाकले. तोवर ते मी सख्ख्या जावेलाही सांगितले नव्हते. वडील २०११ साली गेले. जमिनीला भावाबरोबर माझेही नाव लागले. भाऊ चांगला आहे हो, वाईट म्हणण्याची सोय नाही. पण दर वेळी पीककर्ज घ्यायचे तर बँक माझी सही मागते आणि कागद नगरला पाठवावे लागतात. म्हणून त्याचे म्हणणे, “आक्का, भाऊबिजेला ये, दोन दिवस राहा, मंगळवारी कचेरीत जाऊन हक्कसोडपत्र करून टाकू.” मी ‘बरं’ म्हटले होते. आपल्याकडे बहिणी बरेच म्हणतात. साडी-चोळी घ्यायची आणि सही करून यायचे. माझ्या आईने केली, सासूबाईंनी केली.

म्हातारीने ‘सही करू नका’ असे म्हटले नाही. ‘करा’ असेही म्हटले नाही. तिने विचारले, “हीर कुणाच्या गटात हाय?”

हीर म्हणजे विहीर. मला माहीत नव्हते.

“किती एक्कर हाय समदी?”

आठ असावी. की नऊ?

“कालव्याचं पानी येतं?”

येत असावे. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या भागातून गेला आहे, एवढे मला शाळेपासून माहीत. पण आमच्या शेताला पाणी येते का, ते नाही सांगता आले. मी बी.ए. झालेली बाई. घरातल्या गॅसच्या सिलिंडरची तारीख सांगेन, मुलाच्या पॉलिसीचे हप्ते सांगेन. आणि ज्यावर मी सोमवार उलटताच पाणी सोडणार होते ते किती होते, हे मला ठाऊक नव्हते.

“द्यायचं तर द्या,” ती म्हणाली, “पन काय दिलं ते तरी ठाऊक पायजे का न्हाई?”

माजलगावला ती उतरली. मी चार दशम्या फडक्यात बांधून दिल्या, तिने मला पिशवीतल्या दोन बोरांच्या मुठी दिल्या. नाव विचारायचे राहिले. प्रवासातल्या ओळखीत नाव शेवटी विचारतात, आणि शेवट एकदम येतो.

इथे एक सांगायला हवे, नाहीतर कुणी म्हणेल, ही बाई ज्याला त्याला घरचे सांगत सुटली. तसे नाही. माजलगावनंतर मागच्या बाकावरचा एक गृहस्थ फार गोड बोलायला लागला होता. कुठे उतरणार, न्यायला कोण येणार, अंधार पडला तर? त्याला मी म्हटले, “भाऊ पोलिसात आहे, तो येतोय.” माझा भाऊ शेतकरी आहे. एकट्या बाईने वाटेत एवढे खोटे बोलायला हरकत नसावी. बाकी साधा नियम म्हणजे कंडक्टरच्या जवळची जागा धरावी, आणि फोनमध्ये ११२ हा नंबर कसा लावायचा ते घरीच बघून ठेवावे. चांगले माणूस आपल्याला ‘कुठल्या’ असे विचारते. ‘कुठे उतरणार, कुठे राहणार’ याच्या फार मागे लागत नाही.

ढालेगावच्या पुढे कापूस फुटलेला होता, दोन्ही अंगांनी पांढरा. पाथरीला उतरले तेव्हा दोन वाजले होते. भावाचा फोन आला, मोटारसायकल पंक्चर झाली, तासभर लागेल. एरवी मी स्थानकावर पिशवीवर हात ठेवून तो तास काढला असता. समोर रिक्षा होती. म्हटले, इतक्या वर्षांत साईबाबांचे देऊळ कधी पाहिले नाही, चला.

आमच्या लहानपणी पाथरीत हे देऊळ नव्हतेच, ते १९९९ साली झाले. शिर्डीच्या साईबाबांचा जन्म पाथरीच्या भुसारी कुटुंबात झाला असे काही अभ्यासक मानतात आणि त्या घराच्या जागेवर हे मंदिर उभे आहे. बाबांनी स्वतः आपले गाव, कूळ कधी स्पष्ट सांगितले नाही असे शिर्डीकर म्हणतात. जानेवारी २०२० मध्ये सरकारने जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला शंभर कोटी जाहीर केले तेव्हा निषेध म्हणून शिर्डी बंद ठेवली गेली होती. आमच्या नगर जिल्ह्यात तेव्हा केवढे वातावरण तापले होते! आमच्या भिशीतसुद्धा भांडणे झाली. आणि मी पाथरीची म्हणून दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्ली.

रिक्षावाला मुसलमान होता, बोलका. “कुठून आलाव मावशी?” नगर म्हटल्यावर त्याने मागे वळून पाहिले. “मंग दर्शनाला आलाव का भांडायला?” आम्ही दोघेही हसलो. मी सांगितले, माहेर इथले, सासर तिकडचे. “म्हंजे तुमचं बाबासारखंच झालं की! पैदाइश हितली, नांदले तिकडं.” मी हे मनाशी घोळवत देवळात गेले.

देवळाच्या पायरीवर एक निवृत्त गुरुजी बसले होते. चप्पल कुठे काढायची ते मी त्यांना विचारले, आणि इतिहास ऐकून उठले. नगरची म्हटल्यावर त्यांना चेवच आला. “अहो, तुमचे नगर आमच्या पाथरीकरांनीच वसवले!” मला वाटले गंमत करताहेत. पण गोष्ट खरी आहे. १४९० साली नगरची निजामशाही उभी करणारा अहमद निजामशहा. त्याचा बाप मलिक हसन जन्माने ब्राह्मण, लहानपणी लढाईत धरला जाऊन बहामनी दरबारात गेलेला, आणि त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. फेरिश्ता या इतिहासकाराने ते लिहून ठेवले आहे. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने निरोप धाडला, हे माझ्या वाडवडिलांचे गाव आहे, ते मला द्या, बदल्यात दुसरा परगणा घ्या. इमादशहाने नकार दिला, तेव्हा बुऱ्हाणने १५१८ साली फौज आणून पाथरी घेतली. पुढे त्यापायी कितीक लढाया झाल्या.

“राजा होता,” गुरुजी म्हणाले, “अख्खी निजामशाही होती पदरी. पण बापजाद्याच्या गावावरचे नाव सुटेना.”

ते सहज बोलत होते. माझ्या पर्समध्ये आधारकार्डाच्या दोन झेरॉक्स आणि दोन फोटो होते, मंगळवारसाठी.

भाऊबीज छान झाली. वहिनीने पुरण घातले होते, भावाने हिरवी पैठणी काठाची साडी आणली होती. रात्री मी त्याला विचारले, “विहीर कुणाच्या गटात आहे रे?” तो जेवता जेवता थांबला. “का गं?” म्हटले, “काही नाही, मला माहीत नाही म्हणून.”

दुसऱ्या दिवशी त्याने मला शेतात नेले. तीस वर्षांनी गेले मी तिथे. जमीन साडेआठ एकर. कालव्याचे पाणी येते, पण पाळीपाळीने. विहिरीवरचे जांभळाचे झाड गेले होते, त्याचा बुंधा होता. “हे कधी तोडलं?” “बाबा गेले त्याच वर्षी. वाळलं होतं.” आम्ही बुंध्यावर बसलो आणि मी त्याच्याकडे तो कागदाचा कच्चा मसुदा मागितला. वाचला. त्यात जमीन तर होतीच, शेवटी एका ओळीत राहते घर आणि जागाही होती. भाऊ म्हणाला, लिहिणाऱ्याने सगळे एकत्रच घातले, मी नीट पाहिले नाही. मला ते खरे वाटले. तो तसाच आहे.

नगरला परतल्यावर माझ्या मावसदिरांना, ते वकील आहेत, विचारले तेव्हा कायदा कळला, तोही सांगून ठेवते. महाराष्ट्रात वडिलार्जित मिळकतीत मुलीला जन्माने हक्क १९९४ च्या जूनपासून मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे मी बाहेर. सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ही लग्नाची अट राहिली नाही. आणि वडील २००५ साली हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, असे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितले. हक्कसोडपत्र आपल्या राजीखुशीने जरूर करता येते, पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, आणि एकदा नोंदले की घरच्या घरी परत फिरवता येत नाही.

हे सगळे त्या बुंध्यावर मला ठाऊक नव्हते. मी एवढेच म्हटले, “घर यातून काढ. आणि जमिनीचं मला थोडं बघू दे.” भाऊ बराच वेळ बोलला नाही. मातीचे ढेकूळ फोडत बसला. मग म्हणाला, “तुला कुणी सांगितलं का काही?” मी म्हटले, “बसमध्ये एक बाई भेटली होती.” त्याला वाटले मी विषय टाळते आहे.

मंगळवारी आम्ही कचेरीत गेलो नाही. दोन दिवस घरात थोडे अवघडलेले गेले. वहिनी नेहमीपेक्षा जास्त बोलत होती आणि भाऊ कमी. गुरुवारी तो मला स्थानकावर सोडायला आला. बस लागेपर्यंत उभा राहिला, पाण्याची बाटली भरून आणली, खिडकीतून हात घालून माझ्या हातात दहा-वीस जांभळाच्या बिया ठेवल्या. त्या त्याने कुठल्या झाडाच्या, कधी जपून ठेवल्या होत्या, विचारायला वेळ झाला नाही.

कागद अजून तसाच आहे. घराची ओळ त्याने काढली आहे. जमिनीचे काय करायचे ते माझे ठरलेले नाही. ह्यांना विचारले तर म्हणाले, “तुझे तू बघ.” लग्नाला इतकी वर्षे झाली, पहिल्यांदाच असे म्हणाले. रागाने की कौतुकाने, ते डोळ्यावर हिरवी पट्टी असल्याने कळले नाही.

परतीच्या वाटेत माजलगावला बस दहा मिनिटे थांबली. मी खाली उतरले. फलाटावर बायका होत्या, पिशव्या होत्या, लेकरे होती. डाळिंबी लुगडे काही दिसले नाही. कंडक्टरने बेल मारली तेव्हा परत येऊन बसले. तिला त्या दिवशी घरात घेतले की नाही, हे मला कधीच कळणार नाही.